दाखला नाकारण्याची रीत

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, वडीगोद्रीपासून थोड्याच अंतरावर, अंतरवाली सराटी नावाचे एक गाव आहे. सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्यापर्यंत या गावाचे नाव पुण्यामुंबईच्या घरांतून क्वचितच कोणी उच्चारले असेल. त्या महिन्याच्या २९ तारखेस मनोज जरांगे पाटील तेथे उपोषणास बसले. १ सप्टेंबर रोजी पोलिसांचा लाठीमार झाला. ग्रामस्थ जखमी झाले, तसे पोलीसही जखमी झाले. ४ सप्टेंबर रोजी गृहखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सरकारच्या वतीने क्षमा मागितली. पुढे सभा झाल्या, मोर्चे निघाले, मंत्री गावात आले आणि अंतरवाली सराटी हे नाव घरोघर पोचले. परंतु या साऱ्या गलबल्याच्या मुळाशी जी वस्तू आहे ती अगदी लहान आहे. ती म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीचा, अर्ध्या पानाचा एक कागद: जातीचा दाखला.

हा दाखला कोणास मिळावा, याविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. तो ज्यास नाकारला जातो त्यास कोणत्या रीतीने नाकारला जावा, आणि त्या नकाराचा फेरविचार कोणी व कसा करावा, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वास्तविक राज्यकारभाराची खरी परीक्षा या दुसऱ्या प्रश्नातच होत असते. मागेल त्यास 'होय' म्हणणारे सरकार लोकप्रिय असते. 'नाही' म्हणतानाही ज्याच्याविषयी विश्वास उरतो, ते न्यायी.

एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाचा किंवा मुलीचा अर्ज डोळ्यांपुढे आणावा. परीक्षा झालेली असते, गुणपत्रिका हाती असते, प्रवेशाचे दिवस मोजके असतात. दाखला मिळाला तरी काम संपत नाही. त्याची पडताळणी समितीकडून व्हावी लागते आणि तिचे वैधता प्रमाणपत्र निघावे लागते. अर्ज केल्याची पावती दाखवून तात्पुरता प्रवेश मिळण्याची सोय वेळोवेळी केली जाते; परंतु ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आले नाही, तर मिळालेली जागाही हातची जाते. परदेशी विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या पदवीधराचा व्हिसा वकिलातीने नाकारला, तर त्याच्या घरी जी शांतता पसरते, तीच शांतता येथेही पसरते. भेद एवढाच की, वकिलात परक्या राष्ट्राची असते. दाखल्याची कचेरी मात्र आपल्याच राज्याची आणि आपल्याच तालुक्याची असते. म्हणून तिच्याकडून अपेक्षाही अधिक असते.

अंबड तालुक्यात हा प्रश्न इतका तीव्र का झाला, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. अंबड आणि जालना हे तालुके तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात मोडत. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. संस्थानची दरबारी भाषा आधी फारसी होती, मग उर्दू झाली. गावपातळीवरचे बरेचसे लिखाण मोडीत होई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. प्रत्येक स्थित्यंतरात दप्तरे एका कचेरीतून दुसरीकडे गेली. काही हैदराबादेत राहिली, काही तहसिलीच्या अडगळीत पडली, आणि त्यांची लिपी वाचणारी पिढी हळूहळू नाहीशी झाली.

जालना जिल्ह्याची सीमा ओलांडली की बुलढाणा लागतो आणि तेथून वऱ्हाड सुरू होते. वऱ्हाडही पूर्वी निजामाचेच. परंतु १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. परिणामी जमिनीची मोजणी, जन्ममृत्यूची नोंद, शाळेतील प्रवेशाची नोंद ही सर्व तेथे वेगळ्या शिस्तीने होत राहिली आणि असंख्य शेतकरी घराण्यांपुढे 'कुणबी' हा शब्द कायमचा लिहिला गेला. सीमेच्या दोन्ही बाजूंस सोयरिकी होत आल्या आहेत. एकाच लग्नमंडपात बसलेल्या दोन कुटुंबांपैकी पलीकडच्याकडे दाखला आहे आणि अलीकडच्याकडे नाही, असे दिसू लागले, तेव्हा अलीकडच्याला तो भेद रक्ताचा न वाटता दप्तराचा वाटू लागला. त्याची ही समजूत सर्वांशी बरोबर की चूक, हा वादाचा विषय आहे. परंतु ती समजूत कोठून आली, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

कायद्याच्या अंगाने पाहता, कुणबी जातीचा समावेश महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गांच्या यादीत १३ ऑक्टोबर १९६७ रोजी झाला. म्हणून अर्जदाराचे पूर्वज त्या तारखेच्या पूर्वीपासून राज्यात राहत होते, हे पाहिले जाते. १ जून २००४ रोजी 'मराठा-कुणबी' आणि 'कुणबी-मराठा' या नोंदीही त्या यादीत आल्या. निव्वळ 'मराठा' ही नोंद मात्र त्या यादीत नाही. मराठा समाजास स्वतंत्र आरक्षण देणारा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द ठरविला, आणि त्यानंतर हजारो कुटुंबांची दृष्टी जुन्या नोंदींकडे वळली. एका शब्दाच्या असण्यानसण्यावर मुलाबाळांचे भवितव्य ठरू लागले.

दाखला देण्याची व तपासण्याची रीत ठरविणारा महाराष्ट्राचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आहे. त्याची रचना साधी आहे. अर्ज आल्यावर सक्षम अधिकाऱ्याने दाव्याच्या खरेपणाविषयी स्वतःची खात्री करून घ्यावी आणि दाखला द्यावा. नाकारावयाचा असेल तर त्याची कारणे लेखी नोंदवावी. नकाराने व्यथित झालेल्या माणसास ३० दिवसांच्या आत अपील करता येते. दिलेल्या दाखल्याची पुढे पडताळणी समिती छाननी करते. खोटा आढळल्यास तो रद्द व जप्त होतो आणि त्यावर मिळालेले लाभही जातात. समितीच्या निर्णयावर दिवाणी न्यायालयात जाता येत नाही. दाद मागावयाची ती उच्च न्यायालयाकडेच. आणि या सर्वांत महत्त्वाचे कलम असे की, आपण त्या जातीचे आहोत हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे.

'कारणे लेखी नोंदवावी' आणि 'म्हणणे ऐकून घ्यावे' हे दोन नियम दिसावयास लहान आहेत. पण त्यांच्या पाठीमागे मोठा इतिहास आहे. सन १७२३ मध्ये इंग्लंडातील एका खटल्यात केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकताच काढून घेतल्या होत्या. न्यायालयाने त्या परत देवविल्या. त्या वेळी एका न्यायाधीशाने दाखला दिला तो थेट आदमचा: नंदनवनातून घालवून देण्यापूर्वी परमेश्वरानेही त्यास 'तू कोठे आहेस, तू ते फळ खाल्लेस काय' असे विचारले होते. सन १८६३ मध्ये लंडनच्या वाँड्सवर्थ भागातील स्थानिक मंडळाने एका गृहस्थाचे अर्धवट बांधलेले घर नोटीस न देता पाडले. कायद्यात सुनावणीची अट कोठेही लिहिलेली नव्हती. तरी कायद्याने जे सांगावयाचे राहिले, ते न्यायबुद्धीने भरून काढले पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले.

भारतात हाच विचार एका प्रवासपरवान्याच्या निमित्ताने दृढ झाला. सन १९७७ मध्ये मेनका गांधी यांचा पासपोर्ट सरकारने जप्त केला आणि सार्वजनिक हिताचे नाव पुढे करून कारणे देण्याचेच नाकारले. २५ जानेवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला की, माणसाच्या स्वातंत्र्यावर आघात करणारी कार्यपद्धती केवळ कायद्याने घालून दिलेली असून भागत नाही. ती न्याय्य, वाजवी व योग्य असली पाहिजे. त्याच्या काही आठवडे आधीच, १९७७ च्या डिसेंबरात, पंजाबमधील एका निवडणुकीच्या वादात याच न्यायालयाने आणखी एक मोलाचा नियम सांगितला होता. अधिकाऱ्याचा हुकूम त्यात लिहिलेल्या कारणांवरच तोलला जाईल. मागाहून प्रतिज्ञापत्र करून त्यास नव्या कारणांचे टेकू देता येणार नाहीत. दाखला नाकारणाऱ्या कचेरीस हा नियम तंतोतंत लागू पडतो. 'पुरावा अपुरा' एवढे दोन शब्द लिहून कागद परत करणे म्हणजे कारण देणे नव्हे. कोणता कागद पाहिला, तो का मानला नाही, कोणती साखळी तुटली आणि ती जोडण्यास काय आणावे लागेल, हे अर्जदारास समजले तरच तो अपिलात काही बोलू शकेल. कारण न देता दिलेले अपील म्हणजे दार उघडे ठेवून जिना काढून घेण्यासारखे आहे.

जातीच्या पडताळणीची विशिष्ट रीत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या सप्टेंबरात घालून दिली, आणि तीही महाराष्ट्रातीलच दोन विद्यार्थिनी बहिणींच्या प्रकरणात. त्यांनी आदिवासी जमातीचा दावा केला होता. वडिलांची जुनी नोंद त्याच्या उलट होती. दावा टिकला नाही. तथापि न्यायालय तेथेच थांबले नाही. पडताळणीसाठी समिती असावी. तिच्या हाताशी चौकशी करणारे दक्षता पथक असावे. पथकाचा अहवाल प्रतिकूल असेल तर त्याची प्रत नोटिशीबरोबर अर्जदारास द्यावी. त्यास उत्तर देण्यास मुदत द्यावी. त्याचे म्हणणे ऐकावे. आणि हे सर्व शक्य तितक्या त्वरेने, दिवसामागून दिवस बसून संपवावे, असे पंधरा निर्देश त्याने दिले. गावात दवंडी पिटवून इतरांसही बोलण्याची संधी द्यावी, हेही त्यांत होते. म्हणजे दाखला हा अर्जदार आणि कचेरी यांच्यापुरता खासगी व्यवहार नसून गावाच्या देखत होणारे काम आहे, ही गोष्ट न्यायालयाने ओळखली होती.

पुढील निर्णयांनी या चौकटीत भर घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले की, पित्याकडील रक्ताच्या नातेवाइकास रीतसर वैधता मिळालेली असेल आणि तीत लबाडी आढळत नसेल, तर त्याच घरातील दुसऱ्यास पुन्हा पहिल्यापासून परीक्षेस बसवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदांस अधिक वजन दिले. कारण ते लिहिले गेले तेव्हा सवलतीचा प्रश्नच नव्हता, म्हणून खोटे लिहिण्यास निमित्तही नव्हते. मात्र याच न्यायालयाने २०१७ मध्ये हेही बजावले की, खोट्या दाव्यावर मिळविलेला लाभ, हेतू प्रामाणिक होता असे सांगितल्याने टिकणार नाही. प्रत्येक खोट्या दाखल्यामागे एका खऱ्या हक्कदाराची जागा गेलेली असते.

हे नियम परकीय न्यायपद्धतीतून आले आणि आपल्या मातीस ते अपरिचित होते, असा कोणाचा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. अंतरवाली सराटीच्या पश्चिमेस, त्याच गोदावरीच्या काठी, पैठण आहे. शिवपूर्व काळापासून पेशवाईपर्यंत पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांच्या वतनांचे तंटे गोतसभेपुढे चालत. वादी आणि प्रतिवादी दोघेही आपापला करीणा, म्हणजे हकिकतीचे निवेदन, लिहून देत. सभा जो निर्णय देईल तो मान्य करू, असा राजीनामा दोघांकडून आधीच घेतला जाई. साक्षी होत, जुनी पत्रे वाचली जात, आणि शेवटी महजर लिहिला जाई. त्याखाली पाटील नांगराची निशाणी करी आणि बलुतेदार आपापल्या अवजाराच्या निशाण्या उमटवीत. हरणारा आपली हार मान्य केल्याचे येजितखत लिहून देई.

या पद्धतीतील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे 'थळ' बदलून मागण्याचा हक्क. गावची सभा भाऊबंदकीने किंवा बड्या घराण्याच्या दबावाने झुकली आहे असे वाटले, तर पक्षकार दुसरे थळ मागे, आणि तंटा पैठणासारख्या दूरच्या, तटस्थ ठिकाणी पाठविला जाई. ज्या पांढरीस सत्य ठाऊक असते, त्याच पांढरीत हितसंबंधही असतात, ही जाण त्या लोकांस पुरेपूर होती. सत्य गावात शोधावे, परंतु निवाडा गावाच्या रागलोभाबाहेर व्हावा, असा त्यांचा प्रयत्न असे. ही पद्धती निर्दोष होती असे मात्र नव्हे. सन १८१९ मध्ये पेशव्यांच्या मुलुखाविषयी अहवाल लिहिताना एल्फिन्स्टनने पंचायतींचे गुण सांगितले, तसा त्यांच्या विलंबाचा दोषही दाखविला. निकाल लागलेले तंटे पुनःपुन्हा उकरले जात. विलंब आणि अनिश्चितता ही दोन दुखणी आजच्या पडताळणीसही सुटलेली नाहीत.

आता अंतरवाली सराटीकडे परत यावे. येथील गाऱ्हाण्याचा गाभा असा: पुरावा अर्जदाराने द्यावा असे कायदा सांगतो, परंतु पुराव्याचे कपाट सरकारच्या कचेरीत आहे, त्याची किल्ली सरकारजवळ आहे, आणि आतील कागद अर्जदारास वाचता न येणाऱ्या लिपीत आहे. पणजोबाचे नाव ज्या पाहणीपत्रकात किंवा शाळेच्या प्रवेशनिर्गम वहीत असेल, ती वही कोठे आहे हेच ज्यास ठाऊक नाही, त्याने भार उचलावयाचा तो कसा? अशा स्थितीत 'पुरावा अपुरा' हा शेरा अक्षरशः खरा असूनही अन्यायाचा ठरू शकतो. कारण पुरावा नाही म्हणून अर्ज फेटाळला, की पुरावा शोधलाच नाही म्हणून, हे त्या शेऱ्यावरून कळत नाही.

सरकारने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली, तिचे महत्त्व या दृष्टीने पाहिले पाहिजे. तिच्या नेमणुकीने सरकारने प्रथमच आपले कपाट आपल्या हाताने उघडले. निजामकालीन महसुली नोंदी, खासरापत्रके, १९५१ ची नागरिक नोंदणी, जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळांच्या वह्या, कारागृहांची व पोलिसांची जुनी दप्तरे यांची तपासणी सुरू झाली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. समिती हैदराबादेसही जाऊन आली. ऑक्टोबरअखेर मराठवाड्यातील सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासून ११,५३० कुणबी नोंदी आढळल्याचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले. कागदांच्या त्या राशीपुढे हा आकडा अल्प आहे. पुढे शोध राज्यभर विस्तारला, आणि सन २०२४ च्या आरंभी सरकारने सांगितलेला एकूण नोंदींचा आकडा ५४ लाखांवर गेला होता. शोधणाऱ्याने कोठे व किती शोधले, यावर सापडणे किती अवलंबून असते, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

त्याच सप्टेंबरात उपोषण चालू असता वाद अडला होता तो एका शब्दावर. निजामकालीन नोंदींच्या आधारे वंशावळ दाखविणाऱ्यांस दाखला द्यावा, असे सरकारी निर्णयात म्हटले होते. 'वंशावळ' हा शब्दच काढा, अशी जरांगे यांची मागणी होती. वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. पण पुराव्याच्या शास्त्रात त्याचा अर्थ मोठा आहे. दप्तरात एक नाव सापडले. अर्जदार त्या नावाचा वंशज आहे हे कशाने ठरावे? वंशावळ मागितली, तर कागद नसलेला गरीब मागे पडतो. वंशावळ सोडली, तर एका नोंदीचा आधार कोणीही सांगू लागेल. याच कारणाने गॅझेटिअर आणि जनगणना यांचा पुरावाही मर्यादित ठरतो. हैदराबाद संस्थानात १८८१ पासून शिरगणती झाली आणि तीत जातींचे आकडे आहेत. अमुक जिल्ह्यात कुणबी किती होते, हे अशा ग्रंथावरून कळते; अमुक माणूस त्यांतील होता काय, हे कळत नाही. आकडा समूहाचा असतो आणि दाखला व्यक्तीचा.

येथेच दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही तितक्याच आदराने ऐकले पाहिजे. सन २०२४ च्या जूनमध्ये, अंतरवालीच्या शेजारीच असलेल्या वडीगोद्रीत, लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे हे इतर मागासवर्गीयांच्या बाजूने उपोषणास बसले. एकाच तालुक्यात, हाकेच्या अंतरावर, परस्परविरोधी मागण्यांसाठी दोन मंडप उभे राहिले. इतर मागासवर्गीयांची भीती अशी की, पुराव्याची अट सैल होत गेली तर शेकडो लहान जातींच्या वाट्यास आलेला ठरावीक हिस्सा मोठ्या संख्येखाली दबून जाईल. माळी, धनगर, वंजारी, कुंभार, न्हावी यांच्या घरांतही प्रवेशाची वाट पाहणारी मुले आहेत. एखाद्या अर्जदारास चुकीने 'होय' म्हटले गेले, तर तो निर्णय दुसऱ्या एका अनोळखी अर्जदारास, त्याचे म्हणणे न ऐकताच, 'नाही' म्हणणारा ठरतो. म्हणून न्याय्य कार्यपद्धती ही फक्त नकार मिळालेल्याची ढाल नव्हे; ज्याचे नाव त्या कागदावर कोठेच नाही, त्याचेही ती रक्षण करते.

२६ जानेवारी २०२४ रोजी 'सगेसोयरे' या शब्दाची व्याख्या करणारा नियमांचा मसुदा निघाला आणि १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती मागविण्यात आल्या. नियम करण्यापूर्वी लोकांस विचारणे, हीही एक सुनावणीच होय. पुढे जरांगे यांचे मुंबईच्या आझाद मैदानावरील उपोषण संपताना २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरसंबंधीचा निर्णय निघाला. त्याप्रमाणे गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशा तिघांची समिती स्थानिक चौकशी करते. ज्यांच्याजवळ जमिनीच्या मालकीचा पुरावा नाही अशा भूमिहीनास, कुळास किंवा बटाईने शेती करणाऱ्यास, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले पूर्वज त्या परिसरात राहत होते असे प्रतिज्ञापत्र देता येते. आणि गावातील वा कुळातील दाखलाधारक नातलगाचे प्रतिज्ञापत्रही विचारात घेतले जाते. छगन भुजबळ आदी नेत्यांनी या निर्णयास विरोध केला आणि उच्च न्यायालयात त्यास आव्हानही दिले गेले.

या तिघांच्या समितीकडे पाहताना जुन्या गोतसभेची आठवण होणे स्वाभाविक आहे. सत्य गावास ठाऊक असते, या विचाराचा येथे पुन्हा स्वीकार झाला आहे आणि त्यात शहाणपण आहे. परंतु त्याच विचाराची दुसरी बाजू, थळ बदलण्याची सोय, विसरता कामा नये. ज्या गावात दोन मंडपांच्या बाजूंनी माणसे विभागली गेली आहेत, तेथे शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र स्नेहाने दिले जाऊ शकते आणि वैराने नाकारलेही जाऊ शकते. चौकशी करणाऱ्या तिघांना दररोज त्याच गावात काम करावयाचे असते. म्हणून त्यांचा अहवाल हा निवाडा न मानता साक्ष मानणे, त्याची प्रत अर्जदारास देणे, हरकत घेणाऱ्यास ती लेखी व सकारण घेऊ देणे, आणि निर्णय गावाच्या दबावापासून दूर बसलेल्या अधिकाऱ्याने स्वतःच्या बुद्धीने करणे, हे सर्व आवश्यक ठरते. कोणत्याही बाजूचा जमाव दारी उभा आहे म्हणून दिलेला दाखला आणि त्याच कारणाने नाकारलेला दाखला, दोन्ही सारखेच दूषित आहेत.

उरतो तो काळाचा प्रश्न. वतनाचा तंटा तीन पिढ्या चालला तरी जमीन जागेवर राही. विद्यार्थ्याचे वर्ष तसे थांबत नाही. अपिलात दोन वर्षांनी न्याय मिळाला आणि तोवर महाविद्यालयाचे दार बंद झाले, तर हाती येतो तो केवळ कागद. म्हणूनच १९९४ च्या निर्णयात त्वरेवर इतका भर होता. त्वरा याचा अर्थ घाई नव्हे. नोंदी आधीच लावून, वाचून, गावनिहाय उघड्या ठेवल्या, तर अर्जाच्या वेळी शोधण्याचे काम उरत नाही, आणि हरकत घेणाऱ्यासही काय तपासावे हे समजते. जो कागद मिळण्यास अर्जदार वर्षभर फिरतो, तो कचेरीने स्वतः काढून ठेवला, तर नकारही लवकर येईल, आणि तो सहन करणेही सोपे जाईल.

अंतरवाली सराटीच्या मंडपात आणि वडीगोद्रीच्या मंडपात बसलेल्यांच्या मागण्या एकमेकींस छेदणाऱ्या आहेत. आरक्षणाचा हिस्सा किती व कोणाचा, हे शेवटी विधिमंडळ आणि न्यायालये ठरवतील. त्यात एकाचे समाधान दुसऱ्याचे असमाधान होईल. परंतु एक गोष्ट दोन्ही मंडपांस सारखीच हवी आहे. आपले म्हणणे ऐकले गेले, आपला कागद वाचला गेला, निर्णय देणारा कोणाच्या पक्षाचा नव्हता आणि नकाराचे कारण आपल्या हाती लेखी पडले, असे गोदावरीकाठच्या घरी परत जाणाऱ्या त्या विद्यार्थ्यास वाटले पाहिजे. त्याच्या पणजोबाने कधी पैठणास थळ मागितले असेल, तर त्याची अपेक्षाही याहून वेगळी नसावी.